पुरुमेंतात या वर्षी राऊटर, इन्व्हर्टर आणि अर्थिंगही धरा

कुळागर

मे महिना अर्धा सरला. आमच्याकडे गोव्यात फोंड्याला सुकी मासळी, सोलां, मिरची, कांद्याच्या माळा असं पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरून झालं. या वर्षी त्या यादीत मी विजेवरच्या वस्तूंच्या चार ओळी वाढवल्या आहेत. त्यासाठीच हा धागा.

मी घरून हिशेबाचं काम करते. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, भरायची मुदत असते आणि जुलैची २० तारीख म्हणजे भर पाऊस. गेल्या वर्षी नेमकी त्याच संध्याकाळी पोफळ पडून तारा तुटल्या. लॅपटॉपची बॅटरी तीन तास पुरेल एवढी भरलेली होती, पण राऊटर विझला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवावं म्हटलं, तर आमचं घर कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) खालच्या अंगाला, तिथे सिग्नलची एक काडी येते नि जाते. शेवटी रेनकोट चढवून स्कूटरने बहिणीकडे बांदोड्याला गेले आणि रात्री साडेअकराला शेवटचं रिटर्न भरलं. दुसऱ्या दिवशी वरच्या घरच्या काकींनी सांगितलं की त्यांचं इंटरनेट रात्रभर चालू होतं. केबलवाला तोच, फायबर तीच. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता, एवढाच फरक. म्हणजे नेट माझ्या दारापर्यंत येऊन उभं होतं आणि जेमतेम ८-१० वॅट खाणारा डबा बंद होता म्हणून मी पावसात भिजले.

त्यानंतर मी राऊटरचा मिनी यूपीएस घेतला. दीड-दोन हजारांत मिळतो, वहीएवढा असतो आणि आत लिथियमचे सेल असतात. राऊटरचा अ‍ॅडॅप्टर त्याच्यात खुपसायचा आणि त्याची वायर राऊटरला लावायची. वीज गेली तरी राऊटरचा दिवासुद्धा लुकलुकत नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, राऊटरचा अ‍ॅडॅप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. माझ्या अ‍ॅडॅप्टरवर आउटपुट १२ व्होल्ट, १.५ अँपियर असं आहे. यूपीएस तेवढ्याच व्होल्टचा हवा, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. शेजारीच एक चिमुकली आकृती असते, मध्ये ठिपका आणि भोवती अर्धगोल. अधिकचं चिन्ह ठिपक्याला जोडलेलं असेल तर पिनच्या आतल्या बाजूला अधिक. यूपीएसवरही तशीच आकृती हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ८,००० एमएएच (मिलीअँपियर-तास), म्हणजे ८ अँपियर-तास, असं ठळक छापतात, पण तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. गुणाकार करा: ८ गुणिले ३.७ म्हणजे २९.६ वॅट-तास. त्यातले १५-२० टक्के १२ व्होल्ट करण्यात जातात. उरलेल्या २४-२५ वॅट-तासांत ८ वॅटचा राऊटर तीन तास चालतो. दुकानात 'आठ तास' सांगतील, तेव्हा हा हिशेब मनात करा. पॉवर बँकेचंही तेच. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास. ५,००० एमएएचचा फोन तिच्यावर दीडदा भरतो, दोनदा नाही. पॉवर बँकेच्या पाठीवर 'रेटेड कपॅसिटी' म्हणून जो लहान आकडा असतो तो खरा, आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी खूण नसेल तर ती घेऊच नका.

आणखी एक काम फुकटचं आहे. आपल्या केबलवाल्याला फोन करून विचारा की त्याच्या वाटेतल्या पेट्यांना बॅकअप किती तासांचा आहे. तिथेच दोन तासांत अंधार होणार असेल तर घरी आठ तासांचा यूपीएस ठेवून काय उपयोग?

माझं स्पष्ट मत आहे की ज्याचं पोट इंटरनेटवर आहे त्याने पहिला पैसा इथे घालावा, इन्व्हर्टर नंतर. तुमच्या पावसाळी याद्या सांगा.

सुरंगी

चांगला धागा. आमच्या म्हापशाच्या फ्लॅटमध्ये दोन डबे आहेत, एक फायबरचा पांढरा आणि एक वायफायचा काळा. दोन यूपीएस घ्यावे लागतील का?

कुळागर

@सुरंगी, नाही. दोन-तीन आउटपुट असलेले मिळतात. दोन्ही अ‍ॅडॅप्टर वाचा. दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर अँपियरची बेरीज यूपीएसच्या क्षमतेत बसली पाहिजे. एक ९ आणि एक १२ असेल तर दोन्ही छिद्रं असलेला घ्या आणि वायरींवर रंगीत चिकटपट्ट्या लावा. अंधारात नेमकी उलटसुलट होते.

चिरेबंदी

कुळागर ताई, हिशेब पटला, क्रम पटला नाही. आमच्या घरात आई ८१ वर्षांची आहे आणि बाबांना दमा. आमच्याकडे पहिला पैसा पंख्याला. जूनमध्ये वीज गेली की दहा मिनिटांत घर असं घामाने चिंब होतं की इंटरनेट सुचत नाही.

पण तुमचाच गुणाकार इन्व्हर्टरलाही लावून बघा. १५० अँपियर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हातात येतात ११०० ते १२००, कारण ती पूर्ण उपसायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी खातो. साधा पंखा ७५ वॅटचा. तीन पंखे आणि चार दिवे म्हणजे २६० वॅट, साडेचार तासांत बॅटरी संपली. तेच पंखे बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) घातले तर एक पंखा ३० वॅटच्या आसपास खातो. मग सगळं मिळून १२५ वॅट आणि तीच बॅटरी नऊ तास ओढते. आम्ही बॅटरी मोठी घेण्याऐवजी पंखे बदलले. पैसे तेवढेच गेले, वर महिन्याचं बिल उतरलं. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीच्या ताऱ्यांची पट्टी सक्तीची आहे, तेव्हा दुकानात ती बघून घ्या.

बॅटरी कोणती, हा प्रश्न सगळे विचारतात. ट्यूब्युलर (शिसं-आम्लाची) स्वस्त आणि दणकट, पण दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तेव्हा ती बंद खोलीत किंवा देवघराच्या बाजूला समईजवळ ठेवायची नाही. आमची बाल्कांवच्या (ओसरीच्या) कोपऱ्यात, पावसाचे शिंतोडे पोचणार नाहीत अशी आहे. लिथियमला पाणी नको, वास नाही, तीन-चार तासांत भरते. १०० अँपियर-तासांची लिथियम जवळपास १५० च्या ट्यूब्युलरएवढं काम देते, कारण ती खोलवर उपसता येते. किंमत मात्र दुपटीच्या घरात. दिवसातून चार-चार वेळा वीज जाते अशा वाड्यावर लिथियमचा खरा फायदा, कारण मधल्या तासाभरातही ती बरीचशी भरून निघते. ट्यूब्युलरला पुरतं भरायला दहा-बारा तास लागतात, ती तेव्हा अर्धपोटीच राहते आणि अशीच अर्धपोटी राहून लवकर मरते.

आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखा रात्रभर घूंऽऽ करतो, आईला झोप लागत नव्हती.

कुळागर

तुमचं बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसांचं घर असेल तर पंखा आधी. मी माझ्यापुरतं बोलून गेले.

एक भर घालते. इन्व्हर्टर असूनही वीज जाताना राऊटर किंवा डेस्कटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागे बटण आहे का बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना 'यूपीएस' आणि 'इको' असे दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये बदल इतका झटकन होतो की संगणकाला कळत नाही. मात्र त्या मोडला व्होल्टेजचे चढउतार कमी चालतात. ज्या वाड्यावर व्होल्टेज १७० वर उतरतं तिथे तो सारखा बॅटरीवर जात राहील.

वायरमन_वाळपई

२० वर्षं सत्तरी तालुक्यात वायरिंगची कामं करतो. तुमच्या दोघांच्याही यादीत पहिली ओळ राहिली. अर्थिंग.

दर वर्षी जूनच्या पहिल्या गडगडाटानंतर माझा फोन थांबत नाही. टीव्ही गेला, राऊटर गेला, फ्रिजचं कार्ड गेलं. जाऊन बघतो तर घरात हजार-दीड हजाराचा स्पाइक बोर्ड आहे, त्यात सगळं खोचलेलं आहे, आणि भिंतीतल्या तिसऱ्या छिद्राला जमीनच नाही. स्पाइक बोर्डाच्या आत एमओव्ही नावाची चकती असते. अचानक दाब वाढला की ती तो दाब अर्थच्या वायरीत ढकलते. ढकलायला वाटच नसेल तर ती निम्मंच काम करते. शिवाय ती चकती झिजते. बोर्डावर 'प्रोटेक्टेड'चा दिवा असतो, तो विझला की तुमच्याकडे उरला साधा एक्स्टेन्शन बोर्ड. किती घरांत तो दिवा विझून दोन वर्षं झालेली असतात! आणि बाजारातल्या निम्म्या बोर्डांत चकती नसतेच, नुसता फ्यूज असतो. खोक्यावर ज्यूलचा आकडा लिहिलेला नसेल तर तो स्पाइक गार्ड नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जमीन. जांभा दगड. चिऱ्यांची खाण असलेल्या भागात दोन हात खणलं की कातळ लागतो, आणि उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा असतो. कोरड्या जांभ्यातून वीज नीट उतरत नाही. आणि वळवाच्या विजा चमकतात त्या नेमक्या मेअखेरीस, माती भिजायच्या आधी. म्हणून मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. जुना खड्डा असेल तर वायरमनकडून पट्टीचा नटबोल्ट तपासून घ्या, तो गंजून नुसता टेकलेला असतो.

तपासायची माझी रीत साधी आहे. १०० वॅटचा जुना बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावतो. पूर्ण उजेड पडला तर ठीक. मिणमिणला तर अर्थिंग कच्चं. बोर्डात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडतो, तेही चांगलंच लक्षण. हे घरी स्वतः करू नका, वायरमनला बोलवा. तुम्ही करायचं ते एवढंच की आरसीसीबीवरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबायचं. पडला पाहिजे. पडत नसेल तर त्याच दिवशी बदलायचा. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी माणसाचा जीव वाचवतो, टीव्हीचा नाही. टीव्हीसाठी मेन बोर्डात एसपीडी (दाबाचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण) बसवा, 'टाइप २' सांगा.

दुसरा मोठा घोळ न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटण्याचा. फांदी पडून खांबावरची न्यूट्रल तुटली की घरात २३० च्या जागी ३००-३५० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. दिवे एकदम पांढरेफटक होतात, पंखा सुसाट पळतो. तसं दिसलं की विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा आणि १९१२ ला फोन करा. यापासून स्पाइक बोर्ड वाचवत नाही. जास्त व्होल्टेजला आपोआप तोडणारं उपकरण मेन बोर्डात बसतं, ते वाचवतं.

सुरंगी

वायरमन भाऊ, फ्रिजला स्टॅबिलायझर लागतो का? दुकानदार म्हणाला नव्या फ्रिजला नको.

वायरमन_वाळपई

बाय, फ्रिजच्या पाठीवर किंवा पुस्तिकेत व्होल्टेजची मर्यादा लिहिलेली असते, ती वाच. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे बरेच फ्रिज खालचं व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतात. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर तर १००-२४० लिहिलेलंच असतं, त्यांना स्टॅबिलायझर नको. तुमच्याकडे म्हापशात दाब स्थिर असेल तर गरज नाही. आमच्या सत्तरीत ओळीच्या शेवटच्या घराला मी अजूनही बसवायला सांगतो.

आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. टीव्हीची तांब्याची केबल असेल तर तीही मागून काढायची. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण तिला तोलायला सोबत पोलादी तार असते आणि राऊटरचा अ‍ॅडॅप्टर भिंतीत असतोच. फोनमध्ये 'दामिनी' अ‍ॅप ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलंय. तुमच्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडण्याची शक्यता असली की आधी सांगतं. मी खांबाशी काम करताना ते बघूनच शिडी लावतो.

फोकस

मडगावला लग्नाचे फोटो काढतो. माझं नुकसान विजेने केलं नाही, दमट हवेने केलं.

चातुर्मासात आमच्याकडे लग्नं नसतात. त्यामुळे आषाढीला बॅग बंद केली की ती तुळशीच्या लग्नापर्यंत कपाटात. म्हणजे सगळ्यात ओले चार महिने कॅमेरा अंधारात, चामड्याच्या बॅगेत, हवा न लागता. नोव्हेंबरात ८५ मिलिमीटरच्या लेन्समधून टॉर्च मारून बघितलं तर आत कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. साफ करून आणली, पण तिने काचेवरचा थर खाल्ला होता. समोरून दिवा आला की फोटोवर अजून धुकं येतं.

आता माझी व्यवस्था अशी: हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाला पाव किलो सिलिका जेल आणि आत तीन-चारशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवतो. ३० च्या खालीही जाऊ देत नाही, रबर सुकतं. जेलचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करतो. ती कढई स्वयंपाकाला वापरत नाही, कारण निळ्या रंगात कोबाल्ट असतं. घरात लहान मुलं असतील तर केशरी दाण्यांचं जेल घ्या. ज्यांच्याकडे तीन-चार लेन्स आहेत त्यांनी सरळ विजेचं ड्राय कॅबिनेट घ्यावं. ते फार वीज खात नाही.

आणि पावसाळ्यात दर आठवड्याला कॅमेरा काढून अर्धा तास वापरा. आमच्या अंगणातल्या तेरड्याचे फोटो काढा, पण काढा. उजेड आणि वारा लागला की बुरशीला थारा मिळत नाही.

सुरंगी

मला खोलीचीच ओल घालवायची आहे. कपडे, पुस्तकं, हार्मोनियम. हजार-दोन हजारांचा छोटा डिह्युमिडिफायर घेतला होता, रात्रभर लावून सकाळी कपभर पाणी.

फोकस

तो पेल्टियरचा (कॉम्प्रेसर नसलेला, छोट्या थंड पट्टीचा) असणार. कपाटापुरता ठीक, खोलीला नाही. खोलीला कॉम्प्रेसरचा लागतो, तो दिवसाला १०-१२ लिटर आणि वरही काढतो. २००-३०० वॅट खातो. घरात एसी असेल तर आधी त्याचा 'ड्राय' मोड लावून बघा, कदाचित वेगळं यंत्र लागणारच नाही. आणि कोणतंही यंत्र लावलं तरी खिडक्या बंद हव्यात. नाहीतर अख्ख्या म्हापशाची हवा सुकवत बसाल.

तळपण

काणकोणहून. आमच्याकडे पाण्यात पडलेले फोन फार. होडीतून उतरताना खिशातला निसटला की थेट खाऱ्या पाण्यात.

आयपी६८ लिहिलंय म्हणून लोक बिनधास्त राहतात. त्यातला ६ हा धुळीसाठी असतो, दुसरा आकडा पाण्यासाठी. ७ म्हणजे एक मीटर खोल, अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी ठरवते. पण ही चाचणी गोड्या, स्वच्छ पाण्यात होते आणि फोन नवा असताना. तीन वर्षांनी आतलं रबर तसंच राहत नाही. पाणी शिरलं तर वॉरंटीही बहुधा मिळत नाही. सिमच्या खाचेत पांढरा ठिपका असतो, तो लाल झाला की सेवा केंद्रातल्या माणसाला सगळं कळतं.

माझ्या धाकट्या भावाचा फोन पडला तेव्हा त्याने घरी येऊन तो तांदळाच्या डब्यात खुपसला. दुसऱ्या दिवशी चार्जिंगच्या भोकात तांदळाचं पीठ आणि मीठ यांचा लगदा. तांदळात ठेवू नका असं अ‍ॅपलनेही २०२४ मध्ये लिहून सांगितलं. खाऱ्या पाण्यात पडला असेल आणि फोन आयपी६७ किंवा ६८ चा असेल तर उचलल्या उचलल्या बंद करा आणि गोड्या पाण्याने हलकेच धुवा. मीठ वाळू दिलं तर तेच पुढे तांबं खातं. मग भोक खाली करून पंख्यासमोर ठेवा. हेअर ड्रायर नको. रेटिंग नसलेला फोन असेल तर धुऊ नका, बंद करून सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या, चालू होतो का म्हणून बघतही बसू नका.

'ओलावा आहे' असा इशारा स्क्रीनवर आला तर वायर खुपसू नका. ओल्या भोकात वीज गेली की यूएसबी-सीच्या मधल्या बारीक पट्ट्या हिरव्या पडतात. त्या हिरव्या दिसल्या की समजा, पुढचा चार्जर हळू चालणार. घाई असेल तर बिनवायरीच्या चार्जरवर ठेवा. आता आमच्या होडीत सगळ्यांचे फोन गळ्यातल्या पिशवीत असतात, शंभर-दीडशे रुपयांच्या.

दर्यावेळ

मिरामारला समुद्रापासून दोन गल्ल्या आत राहतो. एसी घेणाऱ्यांना एकच सांगणं. बाहेरच्या युनिटची कॉइल तांब्याची आणि जाळीवर गंजरोधक लेप आहे का ते विचारा, आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडून मीठ धुवा. लेप नसलेल्या पहिल्या एसीची जाळी चार पावसाळ्यांत हाताने चुरली.

कुळागर

काल वायरमनला बोलावलं. वाळपईच्या भाऊंनी लिहिलं होतं तसं सांगितलं, बल्ब लावून सगळे सॉकेट तपासा. स्वयंपाकघरात पूर्ण उजेड. हॉलमध्ये पूर्ण उजेड. माझ्या कामाच्या टेबलामागे, जिथे लॅपटॉप, प्रिंटर, राऊटर आणि माझा तो मिनी यूपीएस सगळं लावलेलं आहे, तिथे बल्ब पेटलाच नाही. त्यांनी सॉकेटची पट्टी उघडून दाखवली. तिसऱ्या छिद्राला मागून वायरच जोडलेली नव्हती. खोली बांधून ११ वर्षं झाली.

हिरवी वायर ओढायला तासभर लागला. आज सकाळी मेन बोर्डात एसपीडी बसला आणि खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. चिरेबंदी, बीएलडीसी पंख्याचं वजन आणि लांबी किती ते सांगाल का? आमचं छत मंगलोरी कौलांचं आहे, हुक लाकडी वाशाला आहे.

चिरेबंदी

आमचे सगळे चार किलोच्या आतबाहेरचे आहेत, जुन्यांहून जड नाहीत. पण वाशाला हुक असेल तर आधी वाळवी बघा. आणि कौलारू छताला लांब दांडी मागून घ्या, सोबत येणारी आखूड पडते. पाती वाशापासून फूटभर तरी खाली हवीत, नाहीतर वारा लागत नाही.